पत्रू मारबतेचा उजवा कान

चौऱ्याण्णव सालच्या दिवाळीनंतर कोसंबीच्या तलावात डोमा वलथरे बुडता बुडता वाचला, आणि त्या दिवसापासून त्यानं पत्रू मारबतेशी बोलणं टाकलं.

दोघंही धीवर. दोघांची घरं एकाच गल्लीत, समोरासमोर. लहानपणी एकाच डोंग्यात बसून दोघं जाळं टाकायला शिकले. पुढं पत्रू मॅट्रिक झाला, हवाई दलात भरती झाला, वीस वर्षं विमानातून हिंडून पुन्हा गावाला आला आणि बापाचं जाळं हातात घेऊन तलावावर जाऊ लागला. डोमा गाव सोडून कुठंच गेला नव्हता. तो मच्छीमार सोसायटीचा अध्यक्ष झाला होता, आणि विमानातून परत आलेल्या आपल्या दोस्ताचं त्याला फार कौतुक होतं.

त्या सकाळी डोमा एकटाच डोंगा घेऊन शिंगाड्याच्या वेलांपर्यंत गेला. जाळं वेलात अडकलं. ते सोडवायला तो पाण्यात उतरला आणि त्याचाच पाय जाळ्यात गुंतला. जितके हातपाय मारावेत तितके वेल खाली ओढू लागले. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, अगदी हाकेच्या अंतरावर, पत्रू मांडी घालून फाटलेलं जाळं सांधत बसला होता.

"पत्रू! अगा पत्रू! ये गा लवकर!"

पत्रूनं मान वर केली नाही. डोमानं पुन्हा हाक मारली. नाकातोंडात पाणी गेलं, वर आला, पुन्हा हाक मारली. पत्रूची सुई जाळ्यातून आत-बाहेर होतच राहिली. शेवटी घाटावर धुणं धुणाऱ्या बायकांनी आरडाओरडा केला, शेतावर निघालेल्या दोन जवान पोरांनी उड्या टाकल्या आणि डोमाला ओढून काढलं. बायका पत्रूच्या अंगावरून धावत गेल्या, तेव्हा कुठं तो दचकून उठला आणि सगळ्यांच्या मागून धावत आला.

डोमा पाळीवर पालथा पडून पाणी ओकत होता. त्यानं डोळे उघडले, समोर पत्रूला पाहिलं आणि थुंकला.

"जा गा. विमानात बसलेल्या मानसाले आमच्यासारख्याईचा आवाज कायले आयकू येते?"

तोवर पत्रूची बायको रंभा घराकडून पळत आली होती. काय झालं असेल ते तिला तिथंच, एका नजरेत कळलं. पत्रूचं बसायचं पोतं अजून पाळीवर पडलेलं होतं. त्यावर बसलेल्या माणसाची डावी बाजू रस्त्याकडं येई, उजवी तलावाकडं, आणि वाराही रस्त्याकडूनच वाहत होता.

"डोमाभाऊ, आयका माहं. त्याईले ना..."

पत्रूनं तिचं मनगट धरलं. इतकं घट्ट, की बांगडी फुटली. भोवती अर्धा गाव जमला होता, आणि त्या गावासमोर पत्रू मारबते खाली मान घालून दोस्ताच्या शिव्या ऐकत उभा राहिला. त्यातल्या किती त्याला ऐकू आल्या, ते रंभालाच ठाऊक.

पत्रूला उजव्या कानानं ऐकू येत नाही, ही गोष्ट जगात फक्त दोघांना माहीत आहे, अशी त्या नवरा-बायकोची समजूत होती.

रंभाला ती लग्नानंतर चौथ्या-पाचव्या दिवशी कळली. बहात्तर साल होतं. युद्ध संपून सहा महिने झाले होते आणि पत्रू सुट्टी घेऊन लग्नाला आला होता. नवी नवरी लाजत लाजत हळू काही बोलायची आणि नवरा ढिम्म. पहिल्यांदा तिला वाटलं, माणूस गर्विष्ठ आहे. मग वाटलं, आपण याला आवडलोच नाही. एकदा दुपारी दोघं पडवीत बसले असताना तिला राग आला. त्याच्या उजव्या बाजूनं ती बारीक आवाजात म्हणाली, "तुमचं तोंड ना, वांदरासारखं हाय."

पत्रू तिच्याकडं वळून गोड हसला. "हव," म्हणाला.

रंभा आधी हसली. मग तिचं हसू थांबलं. ती उठून त्याच्या डाव्या बाजूला येऊन बसली आणि तितक्याच बारीक आवाजात म्हणाली, "तुमचा कान गेला काय?"

त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

खरं काय ते त्यानं तिला आगगाडीत सांगितलं, उत्तरेकडच्या तळावर नोकरीला परत जाताना. डब्यात गर्दी होती, पण त्यांची झाडीकडची बोली समजणारं कोणी नव्हतं.

लोकांना वाटतं, बॉम्ब टाकणारं विमान म्हणजे बाणासारखं टोकदार. पत्रूचं तसं नव्हतं. ते चार पंख्यांचं, ढोल्या पोटाचं, मालवाहू विमान होतं. एरवी ते डोंगरातल्या चौक्यांसाठी पीठ, रॉकेल, जिवंत मेंढ्या, जीपगाड्या असलं काहीबाही वाहून न्यायचं. मागच्या बाजूला शेपटीखाली त्याला मोठा दरवाजा होता. पत्रूचं काम त्या दरवाज्यापाशी. माल चढवायचा, बांधायचा, हुकूम आला की सोडायचा. युद्ध सुरू झालं आणि वरच्या लोकांनी ठरवलं की या विमानानंही बॉम्ब टाकायचे. आतल्या जमिनीवर लोखंडी रूळ बसवले, लाकडी चौकटींवर बॉम्ब रचले. शत्रूच्या मुलखावर पोचलं की उडत्या विमानाचा मागचा दरवाजा उघडायचा आणि चौकटी हातानं ढकलून बाहेर सोडायच्या. बस.

"हातानं?" रंभानं विचारलं.

"हातानं. पाठ लावून. कमरेले पट्टा बांधून राहे, नाई तं आमीच गेलो असतो बॉम्बासंगं."

त्याच्या जोडीला बाबुलाल नावाचा माणूस होता, सागरकडचा. दरवाजा उघडला की असा वारा आणि असा आवाज, की शेजारच्यानं कानात ओरडलं तरी ऐकू येत नसे. कानावर लावलेल्या यंत्रातून पुढं बसलेल्या कप्तानाचा आवाज यायचा तेवढाच, तोही खरखरत. त्यात एकानं आधी ढकललं आणि दुसऱ्यानं नंतर, तर चौकट तिरकी होऊन दारातच अडकायची. तेव्हा पत्रूनं बाबुलालला तलावावरच्या खुणा शिकवल्या. कोसंबीच्या तलावात दोन डोंग्यांमध्ये जाळं धरून माणसं लांब लांब जातात, वाऱ्यात हाक पोचत नाही, म्हणून सगळा कारभार हातानं चालतो. पंजा आडवा धरला की थांब. मूठ छातीकडं आणली की ओढ. बोटं झटकली की सोड. ज्या माणसानं उभ्या जन्मात मोठा तलाव पाहिला नव्हता, तो बाबुलाल एका दिवसात धीवर झाला.

तिसऱ्या खेपेच्या दिवशी पत्रूला सर्दी झाली होती. सर्दी असलेल्या माणसानं उडायचं नाही, असा विमानातला नियम. पण त्यानं तसं सांगितलं असतं, तर त्याच्या जागी दुसरा कोणी गेला असता, आणि त्या दुसऱ्याला खुणा येत नव्हत्या. बाबुलाल दारात त्याच्यासोबत उभा राहणार होता. पत्रू नाक पुसून विमानात चढला.

त्या रात्री त्यांना एका जंगलावर बॉम्ब टाकायचे होते. झाडांखाली शत्रूनं दारूगोळा लपवला होता. चौकटी गेल्या. खाली एक ठिणगी, मग दुसरी, आणि मग जमिनीतूनच काही फुटावं तसा उजेड वर आला, आत उभ्या माणसांचे चेहरे लाल दिसावेत इतका. खालून तोफा सुरू झाल्या. कप्तानानं विमान एकदम खाली घेतलं, दगड टाकावा तसं. पत्रूच्या उजव्या कानात जाळं टरकन फाटावं तसं काही फाटलं. मानेवरून गरम ओघळ आला. त्यानं तो बाहीनं पुसला आणि बोटं झटकून बाबुलालला खूण केली: सुटलं, सगळं गेलं.

"मंग डॉक्टरले नाई दाखवलं?"

"दाखवलं असतं तं दुसऱ्या दिवसापासून खाली. लढाई चालू होती, रंभे. अना लढाई संपली तवा मले उडाची सवय पडून गेल्ती."

रंभानं खिडकीबाहेर पाहिलं. तिला तळ म्हणजे काय हे माहीत नव्हतं, डॉक्टर कसा तपासतो हे माहीत नव्हतं. पण बोलत राहणारा हा माणूस उडायचं नाव निघालं की कसा दिसतो, ते तिनं पाहिलं.

"मी हाय ना," ती म्हणाली.

त्यानंतर पत्रूचा उजवा कान रंभा झाली. रस्त्यानं चालताना ती त्याच्या उजवीकडून चालायची. कोणी त्या बाजूनं हाक मारली तर कोपरानं त्याला ढोसायची. लग्नात, सणात, साहेबांच्या घरी चहाला, ती कधी बायकांच्या घोळक्यात गेली नाही. शेजारणी चिडवायच्या, मारबतेची बायको नवऱ्याची सावली आहे म्हणून. ती हसून ऐकून घ्यायची.

वर्षातून एकदा डॉक्टरची तपासणी असे. माणसाला पाठमोरं उभं करायचं, एका कानात बोट घालायला सांगायचं आणि मागून कुजबुजत शब्द बोलायचे. ऐकू आले ते त्यानं म्हणून दाखवायचे. महिनाभर आधीपासून रंभा त्याची तयारी करून घ्यायची. क्वार्टरच्या त्या टोकाला भिंतीशी उभं राहून ती कुजबुजायची, "मरळ. वाघूर. शिंगी. कतला. झिंगे." तो डाव्या कानात बोट घालायचा, पण असं की बोटाखाली बारीक फट राहील आणि मागून पाहणाऱ्याला ती दिसणार नाही. "अंगठा कायले हलवता? डॉक्टर काय आंधळा हाय?" ती रागवायची. दरवर्षी तपासणीच्या दिवशी ती उपास धरायची आणि दरवर्षी पत्रू पास व्हायचा.

शहाऐंशी साली तो निवृत्त होऊन गावाला आला. आता लपवायचं काही कारण नव्हतं, असं कोणीही म्हणेल. पण पत्रूच्या मनात भीती बसली होती. इतकी वर्षं आपण सरकारच्या डॉक्टरसमोर खोटं बोललो. कुठून तरी बातमी गेली, कोणी चौकशी लावली, तर अंगावर घातलेली वर्दीच खोटी ठरेल. "पत्रू मारबते विमानात होता" असं गावात कोणी म्हटलं की त्याची छाती फुगायची, आणि त्याच क्षणी ती भीती त्याला शिवून जायची. म्हणून तो युद्धाबद्दल बोलतच नसे. पोरं विचारायची, शाळेतले गुरुजी सव्वीस जानेवारीला बोलवायचे. तो म्हणायचा, "आमचं विमान मालाचं होतं जी. पीठ वाहत होतो." आणि विषय संपवायचा.

गावानं त्याचा वेगळा अर्थ लावला. उजवीकडून राम राम घालणाऱ्याला हा उत्तर देत नाही. मागून हाक मारली तर थांबत नाही. विमानवाल्याला घमेंड आहे. डोमा एकटाच लोकांना दाबायचा, "नाई गा, तो लहानपणापासून तसाच हाय, आपल्याच तंद्रीत." आणि मग ती तलावातली सकाळ आली आणि डोमाही गेला.

पुढची पाच वर्षं पत्रूनं तलावाच्या दूरच्या कोपऱ्यात एकट्यानं मासे धरले. मोठं जाळं दोन डोंग्यांशिवाय ओढता येत नाही, आणि त्याच्याबरोबर दुसरा डोंगा घालायला कोणी तयार नसे. सोसायटीच्या बैठकीत तो मागं बसायचा आणि कोणी त्याचं मत विचारायचं नाही. समोरच्या घराचं दार सकाळी उघडायचं, डोमा बाहेर यायचा, तोंड फिरवून निघून जायचा. डोमाची बायको सोमारी तेवढी घाटावर रंभाशी चोरून बोलायची.

"काऊन वो, रंभा? काय झालं होतं तुह्या बुढ्याले त्या दिवशी? आमचा मानूस अजून झोपेत वरडते."

रंभाच्या ओठांवर यायचं आणि ती गिळायची. घरी येऊन नवऱ्याशी भांडायची.

"सांगून टाका ना एकदाचं! डोमाभाऊ काय सरकारले सांगाले जाते का?"

"एकाले सांगतलं का गावाले कळते. गावाले कळलं का..."

"का काय? फाशी देते?"

"तुले नाई समजत," पत्रू म्हणायचा आणि जाळं उचलून निघून जायचा. त्याला स्वतःलाही ते नीट समजत होतं की नाही, कोण जाणे. रंभाला राग यायचा आणि दयाही यायची. एखादी गोष्ट माणूस फार दिवस झाकून ठेवतो, मग ती का झाकली होती हेच तो विसरतो. पण झाकण काढायला हात होत नाही.

दोन हजार सालच्या जानेवारीत, धानाची कापणी होऊन शेतातल्या बांध्या मोकळ्या पडल्या होत्या तेव्हा, एक पांढरी जीप तलावाच्या पाळीवर येऊन थांबली. जीपमधून काठी टेकत एक म्हातारा उतरला. उंच, ताठ, डोक्यावर लोकरीची टोपी. मोहर्लीला वाघ पाहायला आलेल्या पाहुण्यांपैकी असेल, वाट चुकला असेल, असं सगळ्यांना वाटलं. डोमा तिथं मासे मोजून देत होता.

"इथे पत्रू मारबते राहतात का?" म्हाताऱ्यानं शुद्ध मराठीत विचारलं.

डोमानं हातानं गल्ली दाखवली.

"जरा घरापर्यंत येता का? माझी दृष्टी आता बरी नाही."

पाहुण्याला नाही म्हणायची आपल्याकडं रीत नाही. डोमा पुढं झाला. पाच वर्षांत पहिल्यांदा तो पत्रूच्या फाटकातून आत आला आणि अंगणाच्या कडेला, निघायच्या तयारीनं उभा राहिला.

पत्रू अंगणात बसून बांबूच्या कमच्या काढत होता. त्याचं लक्ष नव्हतं. रंभा चुलीपाशी होती, तिथून तिला दारातून सगळं दिसत होतं. पाहुणा पत्रूच्या उजव्या बाजूनं आला होता. तिथूनच हाक मारता आली असती. पण त्यानं मारली नाही. काठी टेकत, पसरलेल्या कमच्या ओलांडत तो पत्रूच्या मागून वळसा घालून डाव्या बाजूला आला, किंचित वाकला आणि म्हणाला, "मारबते."

रंभाच्या हातातली पळी तशीच राहिली.

पत्रू हातातल्या कोयत्यासकट उठून ताठ उभा राहिला. "सर!"

ते रेगे साहेब होते. युद्धात पत्रूच्या विमानाचे कप्तान. इंदूरला राहायचे, मुलीच्या कुटुंबासोबत ताडोब्याला आले होते, आणि नकाशात कोसंबीजवळचं सिंदेवाही दिसल्यावर त्यांना आपल्या मागच्या दरवाज्यावरच्या माणसाचं गाव आठवलं होतं. खाटेवर घोंगडी पडली, चहा आला. बाबुलाल दोन वर्षांपूर्वी वारल्याचं साहेबांनी सांगितलं, तेव्हा पत्रूनं त्याच्या पोराबाळांची चौकशी केली. डोमालाही चहा दिला होता, म्हणून तो दाराशी टेकला होता.

मग रेगे साहेबांनी सहज विचारावं तसं विचारलं, "कान कसा आहे आता?"



"कान? चांगला हाय, सर. दोन्ही चांगले."

साहेब हसले. "अहो मारबते, आता मी सत्तरीचा, तुमचीही पन्नाशी उलटली. तुमच्या उजव्या कानावरच्या यंत्राची गादी रक्तानं भिजली होती. तिसऱ्या खेपेनंतर बाबुलालनं ती मला आणून दाखवली. म्हणाला, सर, याला काढू नका, खुणा यालाच येतात."

पत्रूचा हात उजव्या कानाकडं गेला.

"मी काढलं नाही. ते बरोबर होतं असं नाही म्हणत. चूकच होती, काही झालं असतं तर माझ्या डोक्यावर असतं. पण मग आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं. मारबतेशी बोलायचं तर डावीकडून. नवा माणूस आला की त्याला बाबुलाल पहिल्या दिवशी तेवढंच शिकवायचा. माझी बदली झाली, तेव्हा नव्या कप्तानाला मी विमानाबरोबर हेही सोपवलं."

"म्हंजे," रंभा दारातून पुढं आली. डोक्यावरचा पदर घसरला तो तिनं सावरला नाही. "म्हंजे तुमाले समद्याईले मालूम होतं?"

"हो, वहिनी."

"अना मी चौदा वर्सं यायच्या उजव्या बाजूले मेली! कोणाच्या घरी सुखानं बसली नाई, कोणत्या बाईसंगं चार गोष्टी बोलली नाई! त्या डॉक्टरच्या दिवशी उपास धरत होती मी!" तिचा आवाज चिरकला. "डॉक्टरले बी मालूम होतं का?"

"नाही, नाही," साहेब घाईनं म्हणाले. "डॉक्टरला कोणी काही सांगितलं नव्हतं. आम्ही दरवर्षी धास्तावून बसायचो, आणि हे पास होऊन यायचे. कसे, ते आम्हाला कधीच कळलं नाही."

रंभानं पदर सावरला. "माशाईचे नावं घेऊन," ती म्हणाली, आणि तिला हसू आणि रडू एकदमच आलं.

दाराशी टेकलेला डोमा सरळ झाला होता.

"कोन्ता कान?" त्यानं विचारलं. पाच वर्षांत त्या अंगणात तो पहिल्यांदा बोलला. विचारलं ते साहेबांना, पत्रूला नाही.

"उजवा."

डोमानं डोळे मिटले. पाळ, पोतं, पत्रूची पाठ, कोणती बाजू कुणीकडं, हे तो मनात लावून पाहत होता, ते रंभाला दिसलं. मग त्यानं न प्यालेल्या चहाचा कप खाली ठेवला आणि फाटकाबाहेर निघून गेला.

निघायच्या आधी पत्रूनं साहेबांना एक प्रश्न विचारला. तो त्यानं रंभाजवळही कधी काढला नव्हता.

"सर, ते जंगल होतं ना. तिसऱ्या खेपेचं. त्यात मानसं राहत होती काय? म्हंजे, आपल्या इकडं कशी राहतात, तशी. मोहं वेचणारी, लाकडं आणणारी?"

रेगे साहेबांनी काठीच्या मुठीवर हात ठेवले. "दारूगोळा होता. त्याच्या राखणीला सैनिक होते. बाकी कोणी होतं का, ते मला माहीत नाही, मारबते. मला सांगितलं गेलं नाही आणि मी विचारलं नाही."

"मी बी नाई विचारलं," पत्रू म्हणाला.

जीप पाळीवरून दिसेनाशी होईपर्यंत पत्रू रस्त्यात उभा होता.

डोमा दिवेलागणीला आला. मागं सोमारी होती, त्याला दंडाला धरून आवरत. तो समेट करायला आला असेल, असं रंभाला वाटलं होतं. तो तर पेटलेला होता.

"पाच वर्सं!" तो अंगणातूनच ओरडला, आणि पत्रूच्या डाव्या बाजूला येऊन पुन्हा ओरडला. "पाच वर्सं, पत्रू! मी पाण्यात मरून राह्यलो होतो, अना मले दिसे का माहा दोस्त पाळीवर बसून मले मरू देऊन राह्यला. बुडाचं काई नाई गा, मानूस बुडते. पन ते दिसलं ना, ते रोज रातच्याले दिसे मले. तुहा तं एक कान गेला. माहं काय काय गेलं, तुले मालूम हाय?"

"डोमा, मले भेव वाटे..."

"कोनाचा? सरकारचा? सरकार काय कोसंबीच्या पाळीवर बसून आयकून राह्यलं होतं? एक डाव, एक डाव मले घरात बोलावून सांगतलं असतं!"

पत्रूनं हात जोडले. डोमानं ते जोडलेले हात झटकून टाकले, वळला आणि गेला. सोमारी मागं राहिली. रंभाला जवळ घेऊन ती म्हणाली, "राहू दे. आता वरडू दे त्याले. इतके दिवस तोंड बंद होतं, तेच वाईट होतं."

ती म्हणाली तसंच झालं. एका दिवसात काही जुळलं नाही. होळीपर्यंत डोमा पत्रूला दिसेल तिथं शिव्या द्यायचा, पण आता त्या तोंडावर द्यायचा, आणि गावात कोणी पत्रूला घमेंडखोर म्हटलं तर त्यालाही द्यायचा. उन्हाळ्यात पाणी उतरलं, मोठं जाळं ओढायचे दिवस आले. एका सकाळी डोमानं आपला डोंगा पत्रूच्या डोंग्याशेजारी आणून लावला आणि जाळ्याचं दुसरं टोक उचललं.

सरकारकडून कोणी आलं नाही. चौकशी लागली नाही. रोशनीनं, ब्रह्मपुरीला दिलेल्या त्यांच्या मुलीनं, बापाला नागपूरला मोठ्या डॉक्टरकडं नेलं. पडद्याचं छिद्र फार जुनं, आतली नसही मेली, आता काही होणार नाही, असं तो म्हणाला. पत्रूला त्याचं वाईट वाटलं नाही. तो परत आला तो थेट डोमाच्या ओसरीवर जाऊन बसला, आणि नागपूरच्या डॉक्टरनं कानात कसली दुर्बीण घातली ते सगळ्यांना रंगवून सांगू लागला. तिथून गोष्ट विमानावर गेली, रुळांवर, चौकटींवर, बाबुलालवर. लोक ऐकत बसले. कोणी विचारलं, किती मेले गा खाली? पत्रू म्हणाला, "मालूम नाई. आग दिसली. मानसं दिसली नाई. नाई दिसली म्हंजे नव्हती असं नाई." मग तो पुढचं सांगू लागला.

त्या वर्षी, धानाच्या रोपांसाठी पऱ्हे टाकायच्या आधी, रंभा बहिणीकडं वडशाला गेली. बुधरी तिची धाकटी बहीण. लग्नानंतर रंभा कधी तिच्याकडं एका रात्रीच्या वर राहिली नव्हती, नवऱ्याला लोकांत एकटं टाकायची तिला धास्ती वाटायची. या खेपेला तिनं दोन लुगडी जास्तीची घेतली. पत्रू तिला एस.टी.पर्यंत सोडायला आला. सोबत डोमा होता, दोघं जाळ्याच्या दोरावरून काही तरी वाद घालत होते, आणि वादात ते गाडीकडं बघायलाही विसरले.

बुधरीकडं रंभा दुपारी जेवून पडवीत आडवी झाली, ती ऊन कलेपर्यंत झोपली. उठल्यावर बहिणीनं विचारलं, "बाई वो, किती झोपली! बरं नाई का तुले?"

"बरं हाय," रंभा म्हणाली. "चाय मांड. अना मंग नदीवर जाऊ. वैनगंगेले गंज दिवस झाले पाह्यलं नाई."